जर्मनची नाव

आमच्या वऱ्हाडात ॲल्युमिनियमला कोणी ॲल्युमिनियम म्हणत नाही. त्याला म्हणतात 'जर्मन'. जर्मनचा गंज, जर्मनचं झाकण, जर्मनची परात. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला चढतो तो गंज वेगळा. गंमत बघा, ज्या धातूला गंज चढत नाही, त्याचेच गंज आमच्याकडे घरोघरी!

हा 'जर्मन' आला कुठून? एकोणिसाव्या शतकात 'जर्मन सिल्व्हर' नावाचा एक मिश्रधातू जगभर विकला जायचा. तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण. चांदी त्यात औषधालाही नव्हती, पण रंग चांदीचा. पुढे दुसरा एक पांढरा, स्वस्त धातू बाजारात आला, तेव्हा लोकांनी जुनंच नाव त्याला चिकटवलं असावं. वस्तू बदलली, नाव राहिलं. असं आपल्याकडे खूपदा होतं.

आज लिहायचं आहे ते याच जर्मनच्या पत्र्याच्या सपाट बुडाच्या नावेबद्दल. तिचं बूड चेपलं तर ते सरळ कसं करतात, ती विद्या आली कुठून, आणि सरळ केलेल्या बुडावर माणसानं किती विसंबावं. विषय किरकोळ वाटेल. कोणी म्हणेल, वऱ्हाडात आणि नाव? जिथं उन्हाळ्यात टँकर येतो तिथं बोटीचं काय घेऊन बसलात? तर तिथूनच सुरुवात करू.

आमच्या नद्या वर्षातले आठ महिने नुसत्या वाळूच्या. पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा, पेढी, शहानूर. पण उरलेल्या चार महिन्यांत त्याच नद्या गावं तोडतात. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात पलीकडे जायचं म्हणजे डोंगा. लाकूड कोरून केलेला, चिखलात रुतणार नाही असा उथळ. भोई समाजाची माणसं तो चालवत. 1867 साली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, मग रस्ते झाले, पूल झाले, आणि डोंगा हळूहळू नजरेआड गेला. अर्थात पूल म्हणजे काही अमरपट्टा नव्हे. अकोला-अकोट रस्त्यावरचा गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल 2022 मध्ये तडे गेल्यामुळे वाहतुकीला बंद करावा लागला, तेव्हा पूर्णा ही खरोखरच नदी आहे याची पुष्कळांना नव्यानं आठवण झाली.

नाव परत आली ती धरणांमुळे. महानचं काटेपूर्णा, वारीचं वान म्हणजे हनुमान सागर, आणि मोर्शीजवळ सिंभोऱ्याला तेरा दरवाज्यांचं अप्पर वर्धा, म्हणजेच नलदमयंती सागर. कोरड्या मुलखात एकदम मैलोगणती पाणी उभं राहिलं. पाणी आलं की मासा येतो, मासा आला की जाळं येतं, आणि जाळ्यामागे नाव. आज या पाण्यांवर लाकडी नावा दिसतील, लोखंडी पत्र्याच्या दिसतील, फायबरच्या दिसतील. कुठं कुठं ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या तुकड्यावर बसलेला माणूसही दिसेल. जर्मनच्या पत्र्याची नाव त्यांत कमीच. पण ज्याला नाव एकट्यानं ओढून काठावर घ्यायची आहे, ट्रॉलीत टाकून दुसऱ्या तलावावर न्यायची आहे, त्याला तिच्यासारखी दुसरी नाही. लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजन, आणि गंजणं नाही.

मात्र चेपते ती. धरणाच्या पाण्याखाली जुनी झाडं, खोडं, विहिरींचे कठडे, कधी आख्खं गाव झोपलेलं असतं. पाणी उतरलं की ते वर येतं. काठावरचा काळा दगड तर आहेच. ट्रॉलीतून उतरवताना एक बाजू सुटली की बुडाला हातभर पोचा!

आता थोडं मागे जाऊ, कारण या धातूचा इतिहास मोठा मजेदार आहे. 1850 च्या दशकात फ्रान्समध्ये ॲल्युमिनियम सोन्या-चांदीच्या रांगेत बसायचा. 1884 साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर त्याची छोटी टोपी बसवली, ती मौल्यवान म्हणूनच. आणि दोनच वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेच्या साहाय्यानं तो काढायची एकच रीत शोधली. भाव कोसळले. बारा वर्षांत हा धातू हिंदुस्थानात आला. 1898 च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवायचे प्रयोग सुरू केले. भांडी घडवणारे हात आपल्याकडे होतेच. तांबं-पितळ ठोकणाऱ्या तांबटाला पत्रा नवा होता, ठोका नवा नव्हता. आपल्या विदर्भातलं भंडारा तर पितळेच्या भांड्यांचंच गाव.

याच काळात युरोपात या धातूच्या नावाही निघाल्या. 1894 साली इंग्लंडच्या यॅरो कंपनीनं फ्रेंच नौदलासाठी 'फूद्र' नावाची एक हलकी टॉर्पेडो बोट ॲल्युमिनियमची बांधली. वेग उत्तम. पण धातूला ताकद यावी म्हणून त्यात तांबं मिसळलेलं होतं, आणि समुद्राच्या पाण्यानं ते कवच भराभर खाऊन टाकलं. ताकद हवी तर तांबं घाला, टिकाऊपणा हवा तर घालू नका, असा पेच. तो सुटायला पुढची काही दशकं गेली. तांब्याऐवजी मॅग्नेशियम घातलं की धातू बळकटही होतो आणि पाण्यातही टिकतो, हे कळलं. आजच्या लहान नावांच्या पत्र्यात शंभरात सुमारे अडीच ते साडेचार भाग मॅग्नेशियम असतं. आपल्या घरातला गंज जवळजवळ शुद्ध धातूचा, म्हणून मऊ. त्याचा पोचा अंगठ्यानं दाबूनही निघतो. नावेचा तसा निघत नाही.

दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी जगभर ॲल्युमिनियमचा पूर आला, आणि युद्ध संपताच ते कारखाने रिकामे पडले. अमेरिकेत लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीनं 1945 मध्ये त्याच पत्र्याच्या, त्याच रिव्हिटांच्या लहान होड्या बनवायला घेतल्या. मासे धरायची साधी जर्मनची नाव ही अशी लढाऊ विमानाची धाकटी बहीण आहे.

आणि इथंच आपल्या मराठी मुलखाचा एक धागा येतो. सोलापुरात 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद. 1919 च्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनच्या संस्थापकांपैकी एक, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढणारे, आणि त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर 1940 मध्ये, बंगलोरला म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' सुरू करणारे. नवी विमानं बनवायचं स्वप्न होतं, पण युद्धानं वेगळंच काम पदरात टाकलं. 1942 मध्ये सरकारनं कारखाना ताब्यात घेतला, 1943 मध्ये तो अमेरिकी हवाई दलाकडे गेला, आणि तिथं प्रामुख्यानं चालू झाली ती दुरुस्ती.

दुरुस्तीला येणाऱ्या विमानांत कॅटलिना नावाची विमानं होती. कॅटलिना म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. तिचं पोट म्हणजे शब्दशः ॲल्युमिनियमची नाव! ही विमानं बंगलोरच्या बेळंदूर तलावावर उतरत आणि तिथून कारखान्यात येत. म्हणजे पाण्याच्या माऱ्यानं, आपटण्यानं थकलेलं ॲल्युमिनियमचं बूड तपासणं, सरळ करणं, ठिगळ लावणं हे काम आपल्या देशात ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी, तेही कोरड्या दख्खनच्या पठारावरच्या एका तलावाकाठी होत होतं. आणि त्या वेळी देशात स्वतःचा ॲल्युमिनियम जेमतेम निघू लागला होता. त्रावणकोरात अलुव्याजवळ पहिला धातू तयार झाला तो 1943 मध्ये. पत्रा दुर्मिळ असला की माणूस फेकून देत नाही, सरळ करायला शिकतो. आमच्याकडचा धरणावरचा मासेमार आजही त्याच हिशेबात आहे. नवी नाव घ्यायची ऐपत नसते, म्हणून जुनीच ठोकायची.

आता ठोकायचं म्हणजे काय ते बघू. कारण इथंच बहुतेक नावा बिघडतात.

पोचा दिसला की हात आपोआप मधोमध जातो. सगळ्यात खोल जागी दोन जोरदार ठोके घातले की झालं, असं वाटतं. ते चूक. पोच्याला धरून ठेवते ती त्याची कड, मध्य नव्हे. म्हणून काम कडेकडून मध्याकडे, गोल गोल, हलक्या हातानं. बाहेरून वाळूची पिशवी किंवा लाकडाचा ठोकळा टेकवायचा, आतून लाकडी नाहीतर रबरी मोगरी. लोखंडी हातोडी शक्यतो नको. लोखंडाचा प्रत्येक ठोका पत्रा थोडा पातळ करतो आणि पातळ झालेला पत्रा पसरतो. पसरलेल्याला जागा पुरत नाही, मग तो डब्याच्या झाकणासारखा टुक-टुक आतबाहेर करत राहतो. तांबट भांडं मठारताना नेमका याच ज्ञानावर जगायचा. पत्रा कुठं पसरवायचा आणि कुठं नाही. गॅरेजमधला चांगला डेंटरही तेच करतो, नाव फक्त बदललं.

पण नावेच्या बाबतीत एक जास्तीची भानगड आहे. हा धातू ठोकला की कडक होतो. प्रत्येक ठोक्यागणिक कडक, आणि कडक म्हणजे ठिसूळ. एकदा निघालेला पोचा त्याच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काढला की एक दिवस केसासारखी बारीक भेग जाते. तार दोन बोटांत धरून वाकवत राहिलो की तुटते, तसंच. पोलादाची एक मर्यादा असते, ताण तिच्या खाली राहिला तर तो कितीही वेळा सोसतो. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. तो प्रत्येक हेलकावा खात्यावर लिहून ठेवतो. 1954 मध्ये कोसळलेल्या कॉमेट विमानांच्या तपासातून जगाला हे फार महागात समजलं.

मग मऊ करायला तापवावं का? तांबट तांबं लाल करतो, ते पुन्हा मऊ होतं. इथं दोन अडचणी. पहिली म्हणजे हा धातू लाल होऊन दाखवतच नाही. 660 अंशांना तो वितळतो, आणि दिवसाउजेडी लाली दिसायच्या आतच ओघळून खाली येतो. म्हणून जुने कारागीर पत्र्यावर साबण घासतात आणि ज्योत फिरवतात. साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचं. साधी युक्ती, पण अचूक. दुसरी अडचण मोठी. नावेच्या पत्र्याची ताकद कारखान्यात तो थंड असताना रुळांतून दाबून आणलेली असते. तापवला की ती ताकद गेली. नेहमीच्या नावेच्या पत्र्यात ती निम्म्याच्या आसपास उतरते. पाण्यात बुडवून परत येत नाही. पोलाद लाल करून पाण्यात विझवलं की कडक होतं, या अनुभवावरून इथंही तसंच करणारे भेटतात. इथं त्यानं काही होत नाही, फक्त वाफ निघते!

म्हणजे ठोकला तर ठिसूळ, तापवला तर मऊ. दोन्हींच्या मधून वाट काढायची. म्हणून लहानसा पोचा, ज्यानं शिवण फाटलेली नाही, रिव्हिट सैल नाही, बुडाखालची पट्टी तुटलेली नाही, तो तसाच राहू द्यावा हे उत्तम. संथ पाण्यावर वल्हवायच्या नावेला त्यानं काही फरक पडत नाही. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या.

भेग गेली असेल तर मात्र सोडायची नाही. तिच्या दोन्ही टोकांना बारीक गोल भोकं पाडायची. भेग सुईसारख्या टोकानं पुढे सरकते, गोल भोकात तिचं टोकच हरवतं. मग त्याच जातीच्या पत्र्याचं, गोल कोपऱ्यांचं ठिगळ, मध्ये लवचीक सीलंट, आणि ॲल्युमिनियमचेच रिव्हिट. इथं घरातला तांब्याचा तुकडा किंवा लोखंडी बोल्ट वापरायचा मोह होतो. 1761 साली इंग्रजांच्या 'अलार्म' या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारला होता. दोन वर्षांनी पाहिलं तर पत्रा शाबूत, आणि तो धरणारे लोखंडी खिळे खाल्लेले. दोन धातू ओल्या जागी एकत्र आले की एक दुसऱ्याचा बळी घेतो. तांबं आणि जर्मन यांच्या जोडीत बळी जर्मनचाच जातो. पूर्णाकाठच्या आमच्या खारपाणपट्ट्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाण्याच्या त्या पट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणीच खारं, तिथं तर हे आणखी लवकर होतं. अशा पाण्यानं नाव धुऊन उन्हात उपडी टाकली की मिठाचे डाग वाळतात, आणि त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात.

वेल्डिंगचं काय, असं कोणीतरी विचारणारच. होतं, पण ज्याला ते येतं त्याच्याकडूनच. या धातूवर ऑक्साईडचं एक अदृश्य कातडं असतं. ते वितळायला 2000 अंशांच्या वर जावं लागतं आणि आतला धातू 660 लाच पाणी होतो. गेट-ग्रीलचं वेल्डिंग करणाऱ्याच्या हाती नाव दिली की लहान भोकाचं मोठं भोक होऊन परत येते.

आणि शेवटची परीक्षा. नाव पाण्यात टाकून आत पाणी येतं का बघायचं नाही. नाव काठावर दोन ओंडक्यांवर ठेवायची, आत थोडं पाणी ओतायचं आणि खाली वाकून बाहेरून बघायचं. जिथं थेंब लटकला तिथं खडूनं खूण. यात बुडायची भीती नाही आणि खोटंही लपत नाही.

एवढं सगळं एका थेंबासाठी कशाला? हिशेब करून बघा. बारा फूट लांब, चार फूट रुंद सपाट बुडात एक इंच पाणी साचलं तर ते चार घनफूट, म्हणजे सुमारे 113 किलो. दोन माणसांचं वजन! आणि ही दोन माणसं एका जागी बसत नाहीत. नाव डावीकडे कलली की दोघंही धावत डावीकडे जातात. सपाट बुडाची नाव सुरुवातीला फार भक्कम वाटते, उभं राहिलं तरी डुलत नाही. त्यामुळेच तिच्यात दोन माणसं जास्त बसतात. पण एका मर्यादेनंतर ती इशारा न देता जाते.

वऱ्हाडातल्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. 30 जुलै 1991 ला वर्धा नदी मोवाडमध्ये शिरली आणि 204 माणसं घेऊन गेली. पलीकडच्या काठावर आमचा वरूड तालुका. त्याच तालुक्यात झुंज इथं 14 सप्टेंबर 2021 ला वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा जण बुडाले, त्यांतले बरेच एकमेकांचे नातेवाईक. त्या नावेच्या पत्र्याशी या लेखाचा संबंध नाही, तसं मला सुचवायचंही नाही. सांगायचंय ते एवढंच की आमच्याकडे नाव ही रोजची गोष्ट नाही. कोकणातल्या पोराला नावेत किती माणसं बसवायची हे चालायला लागायच्या आधी कळतं. आम्ही वर्षातून एकदा बसतो, आणि ती वर दिसली, सरळ दिसली, की विश्वास ठेवतो.

त्या अपघाताच्या महिनाभर आधी, ऑगस्ट 2021 मध्ये, 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी नव्या अंतर्देशीय जहाज कायद्याला मंजुरी मिळाली होती. त्यात इंजिन नसलेल्या नावांच्याही नोंदीची तरतूद आहे. चांगलं आहे. पण वहीत नाव नोंदवता येते, तिच्या बुडावर किती ठोके पडलेत ते नोंदवता येत नाही. ते ठाऊक असतं फक्त ठोकणाऱ्याला.

मला वाटतं, दुरुस्तीचा खरा प्रामाणिकपणा इथं आहे. पोचा काढून रंग मारला की नाव नवी दिसते, आणि नवी दिसणं हाच धोका. जुने तांबट डाग दिलेलं भांडं परत देताना सांगायचे, यात पाणी ठेवा, विस्तवावर चढवू नका. भांडं दुरुस्त झालं होतं, पण पूर्वीचं राहिलं नव्हतं, आणि ते सांगणं कामाचाच भाग होतं. नावेच्या बाबतीतही कोणीतरी हे सांगायला हवं. ही सरळ केलीय, आता हिच्यात चार नाही, दोनच बसा. ठिगळ झाकू नका, दिसू द्या. त्या जागेवरून दर पावसाळ्याआधी एकदा बोट फिरवा.

धातू विसरत नाही. निदान माणसानं तरी विसरू नये.